तीन चाळीस

माझं काम पापण्या मोजण्याचं.
आन्तोफागास्तातल्या एका तळघरात, पंख्याखाली,
सेकंदाचे पंचवीस तुकडे करून
एकेक तुकडा बोटानं पुढे ढकलायचा.
पापणी लवते न लवते, म्हणतात ना,
तेवढ्यात माझ्याकडे सात चित्रं जमलेली असतात.

डोळे मात्र वरती आहेत, तीन हजार मीटरवर,
जिथे वाळवंटात तांब्याचा खड्डा
गोल गोल खाली उतरत जातो
आणि बारा तास तीच ती वळणं.
ट्रकचं चाक दोन माणसांइतकं उंच.
चालवणारा जिना चढून आत जातो,
स्वतःच्या घरात जावं तसा,
आणि पहाटे त्या उबदार काचेआड
त्याचा डोळा लागतो.
किती वेळ? दीड सेकंद.
दीड सेकंदात तीनशे टन सतरा मीटर जातात.
बांध नऊ मीटरवर असतो.

"प्रश्न सोपा आहे," ओर्तूसार बाई म्हणाल्या होत्या,
"झोप पडायच्या आत झेलायची."
म्हणून कॅमेरा. म्हणून हादरणारी खुर्ची.
माणसानं डोळ्यात तेल घालून बसायचं,
आणि तेल आहे की संपलं, ते यंत्रानं बघायचं.

पहिल्या आठवड्यात चालक क्रमांक एकतीस,
यास्ना कोल्के,
दोनशे बारा वेळा झोपली.
ट्रकला ओरखडा नाही.
कंपनीचं पत्र आलं: रात्रपाळीतून काढा.
माझ्याकडे तिच्या अकरा रात्री आल्या, आवाजाशिवाय.

तीन रात्री पाहून झाल्यावर मला गाल दिसले.
झोपेत गाल उतरतात.
हिचे वर चढत होते.

नियंत्रण कक्षातून रेडिओची टेप मागवली.
तीन वाजून गेले की अठरा नंबरचा नोल्बेर्तो
आपल्या सासूच्या लामाची गोष्ट सांगतो,
हप्त्याहप्त्यानं, रोज थोडी.
परवा लामा पोस्टात शिरला होता.
काल त्यानं पोस्टमनची टोपी खाल्ली.
यास्ना हसते, तिचे बारीक डोळे हसताना पार मिटतात,
आणि यंत्र लिहितं:
झोपली. झोपली. झोपली.

यंत्र कुणाच्या डोळ्यांवर शिकलं, तेही शोधलं.
दूरच्या एका थंड देशातले बेचाळीस विद्यार्थी,
तासावर पैसे घेऊन बसलेले.
त्यांच्यातलं कुणी हसलं नव्हतं.

आणि आठवी रात्र.
नोल्बेर्तो रजेवर, दाढ काढायला.
रेडिओवर नुसती खरखर.
तीन चाळीसला यास्नाचे डोळे उघडे,
सताड उघडे,
आणि गाल खाली.
एकावन्न चित्रं. एकही पापणी नाही.
यंत्राचा दिवा हिरवा.
मग बांधाला चाक घासलं, थोडी माती सांडली,
ती दचकली, पाणी प्यायली.
याची नोंद कुठेच नव्हती. आता आहे.

अहवालात मी एक रकाना वाढवला: गाल.
विश्रांती चारऐवजी तीन वीसला घ्या, असं लिहिलं.
आणि रात्रीचं बोलणं बंद करायचा तुमचा विचार आहे,
तो करू नका; सासूचा लामा चालू द्या.
ओर्तूसार बाईंनी लामा खोडला.
वर लिहिलं, "अनौपचारिक मौखिक उत्तेजन".
मी काही बोललो नाही.

ऑगस्टमध्ये कॅमेऱ्याचा कोन बदलायला वर गेलो,
तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलो.
"तू का तो मोजणारा?"
मला तिच्याकडे बघवेना.
तिच्या सहा हजार पापण्या मला ठाऊक,
तिला माझं नावही नाही.
हवा विरळ. डोकं जड.
वळण, दिवे, वळण,
धूळ, वळण.

कोपरानं ढोसलं कुणीतरी.
"ऊठ," यास्ना म्हणाली, "गोष्ट सुरू झाली."
घड्याळात तीन चव्वेचाळीस.
कॅमेऱ्याचं तोंड माझ्याकडे नव्हतं.